लाइन गेली, लाइन लागली, लाइन मारली: एका इंग्रजी शब्दाचा खान्देशी संसार

कापूसकोंडा (धागाकर्ता)
मंडळी, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, तर सेट, असं आम्हाला कॉलेजात सांगायचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सेटचाच पहिला नंबर होता, आता म्हणे रन त्याच्यापुढे गेलाय. ते तिकडचं झालं. आपल्या खान्देशात कोणत्या इंग्रजी शब्दाला सगळ्यात जास्त राबवून घेतलंय याचं उत्तर माझ्या मते एकच. लाइन.

बघा ना, लाइन गेलेली म्हणून मोटर बंद, मोटर बंद म्हणून पाण्याची लाइन कोरडी, वायरमनला फोन लावावा तर लाइन बिझी, तालुक्याला जावं तर सेतूत लाइन, सेतूवाला म्हणतो ऑनलाइन बंद आहे उद्या या, तिथंच बाजूला एक पोऱ्या मोबाइलच्या आडून कोणाला तरी लाइन मारतोय आणि त्याचा बाप दुसऱ्याला सांगतोय की याला सायन्स लाइन दिली पण हा काही लाइनीवर येत नाही. आणि हे सगळं ऐकताना कोणालाच एकदासुद्धा विचारावं लागत नाही की बाबा कोणती लाइन.

तर ज्यानं त्यानं आपापल्या गावचे, आपापल्या धंद्यातले अर्थ टाका. डिक्शनरीतलं कॉपी-पेस्ट नको, ते मलाही करता येतं.

तापीकाठचा
विजेपासून सुरू करतो कारण आमचं अर्ध आयुष्य तिच्यातच जातं. आमच्या रावेर-यावल बाजूला घरात लाईट जाते आणि शेतात लाइन जाते. गंमत नाही, खरंच असं बोलतात. घरात असताना माणूस म्हणेल लाईट गेली, तोच माणूस मळ्यात गेला की म्हणेल लाइन गेली. कारण घरात विजेचं दिसणारं काम म्हंजे दिवा, मळ्यात दिव्याचं काय काम, तिथं मोटर चालली पाहिजे.

आणि याच्याही पुढची गोष्ट. रात्री सिंगल फेज चालू असतो, गोठ्यातला बल्ब लख्ख पेटलेला असतो, तरी त्या बल्बाखाली बसून माणूस सांगतो की लाइन नाहीये. म्हंजे आमच्याकडे लाइनचा अर्थ नुसती वीज नाही, मोटर चालवणारी थ्री फेज वीज. शहरातला पाहुणा बल्बाकडे बघतो आणि आमच्याकडे बघतो, त्याला वाटतं याला काही झालं की काय.

मग त्या लाइनला पाळी असते, दिवसाची लाइन आणि रातची लाइन. आठवडा बदलला की पाळी बदलते. रातची लाइन असली की स्टार्टरला ऑटो लावून द्यायचा, लाइन आली की मोटर आपोआप उचलते, पण बारं द्यायला, म्हंजे पिकाला पाणी द्यायला, तर माणूस लागतोच, मग हिवाळ्यात मफलर गुंडाळून बॅटरी घेऊन बसा, त्यात बिबट्याची बातमी असली की अजून मजा. हल्ली सोलर पंप बसलेत ते लोक आमच्या या गप्पांत भागच घेत नाहीत, ऊन पडलं की त्यांची मोटर चालू, त्यांच्या तोंडून लाइन शब्दच गेला.

वरणबट्टी
रावेर-यावलचं माहीत नाही, आमच्या धुळ्याकडे खेड्यावर घरातबी लाइनच जाते. आमची आजी टीव्हीवरची सिरियल मध्येच बंद पडली की शेजारच्या खिडकीत बघून ओरडायची, "तुमनी बी लाइन गयी का व?" आणि तिकडून उत्तर, "गयी ना माय, आते नही येवाव." म्हंजे अहिराणीत लाइन कधीच घरात शिरलेली आहे, तुमची शेतापुरती थिअरी आमच्याकडे लागू नाही.

बाय द वे वीज मंडळाचे २००५ मध्ये तीन तुकडे झाले, महावितरण नाव पडलं, पण गावात अजून एमएसईबीच म्हणतात आणि वायरमन म्हंजे लायनमन. लहानपणी मला वाटायचं हा लायन म्हंजे सिंह, सिंहासारखा खांबावर चढतो म्हणून.

तापीकाठचा
@वरणबट्टी सिंह खांबावर चढत नाही ताई, बिबट्या चढतो. आणि आमच्याकडच्या लायनमनला खांबावर चढवायचं तर आधी चार जणांनी विनंती करावी लागते.

फ्यूजवाला
इलेक्ट्रिकवाले म्हणून दोन शब्द. आमच्यासाठी लाइन म्हंजे वीजही नाही आणि तारांचा खांबही नाही, लाइन म्हंजे तीन पिनमधली ती एक तार जिच्यात करंट आहे. प्लगच्या आत बघा, एल, एन असं कोरलेलं असतं, एल म्हंजे लाइन, एन म्हंजे न्यूट्रल. टेस्टर लाइनला लावला की पेटतो. आम्ही पोऱ्याला ओरडतो, लाइन कुठंय ते आधी बघ मग हात घाल. त्या वेळी त्यानं खांबाकडे बघितलं तर काय होईल विचार करा.

वरची लाइन वेगळी, अकरा केव्हीची एचटी म्हंजे जास्त दाबाची लाइन, तेहतीस केव्हीची, मग डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खाली एलटी म्हंजे कमी दाबाची लाइन. आमच्या तोंडात रोज चार प्रकारच्या लाइनी असतात.

जंक्शनवाला
भुसावळचा माणूस या धाग्यावर आला नाही तर धागा अपुरा राहील म्हणून आलो. आमच्या गावात शब्द आणि वस्तू एकाच गाडीनं आले. १८६० च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन भुसावळला पोचली, इथून एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे. तोपर्यंत आपल्याकडे रस्ता होता, वाट होती, घाट होता, पण लोखंडाचे रूळ टाकून केलेल्या वाटेला काय म्हणायचं ते कोणी ठरवलेलं नव्हतं, साहेब लाइन म्हणाला, आपण लाइन म्हणालो. लोहमार्ग हा शब्द नंतर आला आणि आजही तो मुख्यतः लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवरच राहतो.

आता रेल्वेवाल्याच्या घरात लाइन म्हंजे काय काय ते बघा. अप लाइन, डाउन लाइन, मेन लाइन, लूप लाइन. पुढच्या स्टेशनची परवानगी आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ती परवानगी म्हंजे लाइन क्लिअर. हा लाइन क्लिअर शब्द रेल्वेतून बाहेर पडून कुठल्या कुठे गेला, लग्नाच्या बोलणीत मुलीकडून होकार आला की आमचे काका म्हणायचे लाइन क्लिअर मिळाली. तसंच लूप लाइनचं. जलद गाडीला पुढे काढायला मालगाडीला बाजूच्या लूपमध्ये उभी करतात, आणि कचेरीत ज्या साहेबाला बिनकामाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं त्याला लूप लाइनला टाकला म्हणतात. हा अर्थ मंत्रालयापर्यंत गेलाय.

रुळांच्या पलीकडची वस्ती लाइनपार. रेल्वेच्या क्वार्टरांच्या रांगा त्याही लाइन. आणि रुळावर उभं राहून वर बघितलं तर पंचवीस हजार व्होल्टची अजून एक लाइन. म्हंजे पायाखाली लाइन, डोक्यावर लाइन, मागं घर लाइनीत. दुरुस्तीला मग दोन वेगवेगळे ब्लॉक घ्यावे लागतात, खालच्या लाइनीसाठी ट्रॅफिक ब्लॉक, वरचीसाठी पॉवर ब्लॉक.

शेवभाजी
क्वार्टर वरून आठवलं, पोलीस लाइन राहिली. मी पोलीस लाइनीत वाढलो. शाळेत कुठं राहतो विचारलं की लाइनीत सांगायचो आणि समोरचा पोऱ्या एक पाऊल मागं सरकायचा, त्या शब्दाचा एवढा फायदा मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा घेतला नसेल.

शिरपूरचा
जंक्शनवाले तुमच्याकडे लाइनी एवढ्या की तुम्हाला मोजताना कंटाळा येतो. आमच्या नशिबात अनेक वर्षं एकच लाइन, ती पण बोलण्यातली. मनमाड-इंदूर. प्रत्येक निवडणुकीत ती लाइन येते आणि निकाल लागला की जाते, अगदी विजेच्या लाइनीसारखी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी रुपये, तेव्हापासून आमच्याकडे शब्दाचा अर्थ थोडा बदललाय, आधी लाइन होणार का विचारायचे, आता लाइन कोणाच्या शेतातून जाणार ते विचारतात. ज्याच्या शेतातून जाणार तो मोबदल्याची लाइन धरून बसलाय.

कापूसकोंडा
वा, धागा लाइनीवर आला. @फ्यूजवाला तुमचा अर्थ मला माहीतच नव्हता. अजून येऊ द्या, शेतीचं कोणी बोललंच नाही.

केळीबाग
शेतीचं मी सांगते. ड्रिपमध्ये मेन लाइन, सबमेन, आणि त्याच्यातून निघणाऱ्या लॅटरलला आपण सगळे नळीच म्हणतो, लाइन म्हणत नाही हे लक्षात घ्या. म्हंजे जाड पाइप ती लाइन आणि बारीक ती नळी. तापीवरून चार-पाच किलोमीटर लांबून पाणी आणलं की तो माणूस म्हणतो मी लाइन आणली, त्यात मानही असतो आणि कर्जही. मग ट्रॅक्टर वरून गेला की लाइन फुटली, शेजाऱ्यानं मधेच टी जोडला की लाइन चोरली.

लागवडीलाही लाइन लागते. केळी पाच बाय पाचवर लावली तर एकरी १,७४२ रोपं बसतात, सहा बाय पाचवर १,४५२, पण हा हिशेब लाइन सरळ आली तरच. आमच्याकडे मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), दोरीवर गाठी मारून ती ताणायची, गाठीपाशी खड्डा. लाइन वाकडी गेली तर पुढे आंतरमशागतीला ट्रॅक्टर अडतो आणि सासरे सबंध दीड वर्ष त्या वाकड्या लाइनीकडे बोट दाखवत राहतात. कपाशीला मात्र आम्ही लाइन म्हणत नाही, तिथं अजून तास, काकर हेच शब्द. असं का माहीत नाही, कदाचित कपाशी जुनी आणि टिशूकल्चर केळी नवीन म्हणून असेल.

मास्तर निवृत्त
केळीबाग ताईंनी दोरी ताणली तिथूनच मला शिरायला जागा मिळाली.

या शब्दाचं मूळच दोरी आहे. लॅटिनमध्ये लीनुम म्हणजे जवस, आपलं अळशी. त्या झाडाच्या खोडापासून जो धागा निघतो, ज्याचं कापड म्हणजे लिनन, त्या धाग्याला, सुतळीला लीनेआ म्हणत. सरळ रेघ हवी असेल तर ती सुतळी ताणायची. मग ताणलेल्या सुतळीचं नाव तिनं आखलेल्या रेघेला मिळालं, रेघेचं नाव रेघेत उभ्या राहिलेल्या माणसांना मिळालं, माणसांचं नाव त्यांच्या वाटेला. वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव आजही लीनुम उसिटाटिसिमुमच आहे.

आपल्याकडे जवस पिकतं ते बियांसाठी, तेल आणि चटणी. खोडाच्या धाग्याकडे आपण फारसं बघितलं नाही, युरोपानं बघितलं. त्यामुळे भाकरीसोबत जवसाची चटणी खाणाऱ्या माणसाच्या ताटात लाइन या शब्दाचं बी आहे असं म्हटलं तरी चालेल.

दोरी ओळंबा
मास्तर मग आमच्या गवंडीकामात तर फारच गडबड आहे. आम्ही भिंत चढवताना दोन टोकाला खिळे ठोकून जी सुतळी बांधतो तिला लाइनदोरी म्हणतो. म्हंजे तुमच्या हिशेबानं दोरीदोरी झालं की!! बरं आम्ही नुसती दोरी म्हणून चालत नाही कारण दोरी बादलीचीपण असते, आणि नुसती लाइन म्हणून चालत नाही कारण लाइन म्हंजे विटांचा थर सरळ आहे की नाही ते. "लाइन बघ" म्हटलं की डोळा बारीक करून बघायचं, "दोरी धर" म्हटलं की हात पुढे करायचा. मिस्तरी एकाच दमात दोन्ही बोलतो आणि हेल्परला दोन्ही वेगवेगळे कळतात.

आणि पाया खोदायच्या आधी चुन्यानं जमिनीवर जे आखतात ते लाइनआऊट. लाइनआऊट झालं की मालकाच्या भावाला कळतं की आपली जागा दीड फूट आत गेली, मग काम सहा महिने बंद. माझ्या अनुभवानं खान्देशातली निम्मी भांडणं लाइनआऊटच्या दिवशी सुरू होतात.

मायबोलीप्रेमी
सगळे हसताय पण मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रांग, ओळ, रेघ, रेषा, तार, दोरी, वाट, वीज, नळ, क्षेत्र, धंदा, एवढे स्वच्छ मराठी शब्द होते, प्रत्येकाचा वेगळा रंग होता, एका परक्या शब्दानं सगळ्यांना गिळलं आणि आपण त्याचं कौतुक करतोय. माझ्या नातवाला दुरेघी वही म्हणजे काय ते कळत नाही, डबल लाइन म्हटलं की कळतं. रेशनच्या दुकानासमोर रांग हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला आठवत नाही.

वरणबट्टी
रेशनवरून आठवलं, दारिद्र्यरेषा मात्र कागदावर रेषाच राहिली बरं का, दारिद्र्यलाइन कोणी म्हणत नाही. पण बोलताना सगळे बीपीएल म्हणतात आणि त्यातला एल म्हंजे परत लाइनच, मागच्या दारानं आलीच ती.

मास्तर निवृत्त
@मायबोलीप्रेमी, तुमचं दुःख खरं आहे पण गिळलं हे मला पटत नाही. पुरावा देतो. लाइन हा शब्द मराठीत आल्यावर स्त्रीलिंगी झाला. ती लाइन, त्या लाइनी. इंग्रजीत त्याला लिंग नाही, मग आपण तिला बाई का केलं? कारण तुम्हीच वर दिलेली यादी बघा. रांग ती, ओळ ती, रेघ ती, रेषा ती, तार ती, दोरी ती, वाट ती, वीज ती. ज्या ज्या शब्दाच्या जागी लाइन जाऊन बसली त्यातले बहुतेक सगळे स्त्रीलिंगी, म्हणून आलेली पाहुणी त्यांच्याच पंगतीला बसली. लाईटचंही बघा, दिवा या अर्थी पुष्कळ लोक तो लाईट म्हणतात, वीज या अर्थी मात्र नेहमी ती लाईट गेली. दिवा पुल्लिंगी, वीज स्त्रीलिंगी. जुने शब्द मेले असते तर त्यांचं लिंग नव्याला कसं मिळालं असतं?

शिवाय विभक्तीतही आपण तिला मराठी केली आहे. लाइनीत, लाइनीवर, लाइनीला, हा ईकार इंग्रजीचा नाही, ओळीत-ओळीवर, भिंतीत-भिंतीवर असं जे सामान्यरूप होतं तसंच हिचं. आणि त्या ईकारानं अर्थही फिरतो. "तो लाइनला लागला" म्हणजे बँकेत किंवा गॅसच्या ऑफिसात रांगेत उभा राहिला. "तो लाइनीला लागला" म्हणजे नोकरीधंद्याला लागून मार्गी लागला. निदान आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे असा फरक मी कानांनी ऐकलेला आहे.

मायबोलीप्रेमी
लिंगाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे हे मान्य. रांग गेली ती गेलीच पण.

लिंबायतकर
सुरतहून रामराम मंडळी. आमच्या लिंबायत-उधन्यात अर्धा खान्देश राहतो, इथं बाजारात गुजराती नंतर अहिराणीच ऐकू येते. आमच्याकडे नवीन पोऱ्या गावाहून आला की पहिला प्रश्न, कोनती लाइनमा शे? म्हंजे लूम लाइन, एम्ब्रॉयडरी लाइन, साडी लाइन, हिरा लाइन. धंदा विचारत नाही कोणी, लाइन विचारतात. लाइन बदलली म्हंजे शेठ बदलला, चाळ बदलली, कधीकधी दोस्तही बदलले. हिरा लाइनवाला साडी लाइनवाल्याला जरा कमीच समजतो.

आणि आम्ही सगळे इथं आलो कसे, तर उधना-जळगाव लाइनीनं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जो ज्या स्टेशनावर बसला तो तिथला. ही लाइन नसती तर ती लाइन नसती असं आमचे मोठे बाबा म्हणायचे, ते लूमवर होते.

ट्रकचा चाक
ड्रायव्हर लोकांची लाइन राहिली. आमच्यात घरी नसला की लाइनवर आहे म्हणतात. कोणत्या लाइनला चालतो तर नागपूर लाइन, मद्रास लाइन (चेन्नई नाव झालं तरी लाइन मद्रासच). केळी भरून दिल्ली लाइन केली की माल नासायच्या आत पोचायचं टेन्शन.

आणि जुना सहा नंबर हायवे, जो आता ५३ नंबर झालाय, सुरत-धुळे-जळगाव-नागपूर, त्याचं काम सुरू झालं तेव्हापासून सगळे फोरलाइन म्हणतात. फोरलाइन झाली, फोरलाइनवर हॉटेल टाकलं, फोरलाइनला जमीन गेली.

मास्तर निवृत्त
ट्रकभाऊ, ते फोर लेन आहे. लेन वेगळा शब्द, त्याचा अर्थ गल्ली, अरुंद वाट. लाइनशी त्याचं काही नातं नाही.

ट्रकचा चाक
मास्तर मला माहितीय, बोर्डावर वाचतो की रोज. पण ढाब्यावर फोर लेन म्हणून बघा, समोरचा विचारतो कुठली फोरलेन, फोरलाइन म्हटलं की पत्ता बरोबर सांगतो. मला चहा प्यायचाय, परीक्षा नाही द्यायची.

सुईदोरा
शिवणकामातलं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं लाइनिंग पाहिजे. ब्लाउजवाली बाई असेल तर लाइनिंग म्हंजे अस्तर. शर्टवाला असेल तर लाइनिंगचा शर्ट म्हंजे उभ्या पट्ट्यांचा. एकदा एका नवऱ्यामुलानं लाइनिंगचा जोधपुरी सांगितला, आमच्या कारागिरानं आतून झकास अस्तर लावून प्लेन शिवला, त्याला हव्या होत्या बाहेरून पट्ट्या, हळदीच्या आदल्या दिवशी जो तमाशा झाला तो विचारू नका. तेव्हापासून मी आत की बाहेर असं विचारूनच माप घेते.

मास्तर निवृत्त
ताई, तुमचं अस्तरही जवसाच्याच घरचं. जाड कपड्याला आतून लिननचं कापड लावायचे, त्या लिनन लावण्याच्या क्रियेवरून लाइनिंग आलं. म्हणून ब्रेकचे लायनर, इंजिनच्या सिलिंडरचं लायनर, आतून लावलेलं जे जे काही ते सगळं त्याच कुळातलं.

केळीबाग
मग आमच्या शेततळ्याचं प्लॅस्टिकपण! आमच्याकडे सरकारी कागदावर अस्तरीकरण लिहितात आणि दुकानदार म्हणतो लायनिंगचा कागद. उंदरानं कुरतडलं की दोघांचं एकच होतं.

कापूसकोंडा
@मास्तर, डेडलाइनमधली लाइन कोणती? सुतळी की रेघ की रांग? आमच्या ऑफिसात दर गुरुवारी तिच्या नावानं बोंब असते.

मास्तर निवृत्त
ती रेघ, आणि ती खरोखर मरणाची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा एक तळ होता. बाहेरच्या लाकडी तटाच्या आत काही फुटांवर एक हलकं कुंपण घातलेलं, कैद्यानं ते ओलांडलं की पहारेकऱ्यानं थेट गोळी घालायची. त्या कुंपणाला डेडलाइन म्हणत. तिथून पुढं वर्तमानपत्रांच्या छपाईत आणि मग तुमच्या गुरुवारपर्यंत.

यात आपल्याला जवळची गोष्ट अशी की त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खान्देशचा कापूस मुंबईला जायचा, आणि नेमकी त्याच वर्षांत जंक्शनवाल्यांची लाइन इकडे सरकत होती. युद्ध १८६५ ला संपलं, भाव पडला, चढ्या भावावर विसंबून ज्यांनी देणं केलं त्यांचे वांधे झाले. डेडलाइन आणि रेल्वे लाइन अशा एकाच काळातल्या आहेत.

तापीकाठचा
म्हंजे कापसाचा भाव पडायची परंपरा तेव्हापासूनची. बरं झालं सांगितलं, मला वाटलं यंदाचीच.

शेवभाजी
मुख्य विषयाला कोणी हात लावत नाहीये. लाइन मारणे. आमच्या वेळी मारायची आणि द्यायची अशा दोनच क्रिया होत्या. पोऱ्या मारायचा, पोरगी द्यायची किंवा द्यायची नाही. "देई राह्यनी का रे भो?" एवढंच विचारायचे, लाइन शब्दसुद्धा काढायची गरज नव्हती.

सुईदोरा
तुमच्यासाठी मुख्य विषय असेल. आम्ही सायकलवरून कॉलेजला जायचो तेव्हा चौकात जे उभे असायचे त्यांना वाटायचं पोरगी देतेय, आम्ही बिचाऱ्या रस्त्यातला खड्डा बघत असायचो. देणे हे क्रियापद पोरांनीच परस्पर ठरवलेलं, आमच्या मैत्रिणींत तो शब्दच नव्हता. आम्ही म्हणायचो, "तो बघ, लाइनवर उभा आहे", जशी चिमणी तारेवर.

शेवभाजी
😐

सिस्टर
हॉस्पिटलमधली एक टाकते आणि पळते, ड्यूटी आहे. पेशंटच्या हातात सुई घालून जो रस्ता करून ठेवतो त्याला आम्ही आयव्ही लाइन म्हणतो. नातेवाईक त्या बाटलीला सलाईन म्हणतात. खेड्यावरच्या बऱ्याच जणांना वाटतं सलाईनमध्ये लाइन आहे, नळी लांब असते ना म्हणून. सलाईन म्हंजे मिठाचं पाणी, लॅटिनमधला मिठाचा शब्द आहे तो, लाइनचा काही संबंध नाही. पण गडबड होतेच. परवा मी ज्युनियरला म्हटलं लाइन गेलीय बघ, म्हंजे पेशंटची सुई शिरेतून निघाली होती, तर शेजारच्या बेडवरचे आजोबा म्हणाले, काय सांगता सिस्टर, पंखा तर चालू आहे.

फ्यूजवाला
आजोबा सिंगल फेजवर असतील.

रेडर नंबर ७
कबड्डीचं सांगतो. नियमाच्या मराठी पुस्तकात निदान रेषा आहे, बोनस रेषा आहे, मध्यरेषा आहे, पंच शिट्टी वाजवून हातानं खूण करतो तेव्हा तोंडानंही रेषाच म्हणतो. मैदानाबाहेर बसलेलं सगळं गाव मात्र ओरडतं "लाइन, लाइन, लाइन!" आणि त्याचा अर्थ आमच्या बाजूच्या पोरांसाठी वेगळा, त्यांच्या पोरांसाठी वेगळा. आपला रेडर परत येत असेल तर लाइन म्हंजे लवकर मध्यरेषेला हात लाव. त्यांचा रेडर पळत असेल तर लाइन म्हंजे याचा पाय बाहेर पडला, पंच आंधळा आहे काय. दोन्ही एकाच दमात ओरडतात आणि दोन्ही टीमला बरोबर कळतं. पंचालाच कळत नाही.